मात्रा खाणारा प्रोसेसर

या, असे पुढं सरका. दाराशी बसलेल्यांनीही आत या. कीर्तनाला जशी पहिली ओळ भरल्याशिवाय रंग येत नाही, तसं माझंही आहे. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. तिच्यात संत नाही, चमत्कार नाही. आहेत ते दोन प्रोसेसर, एक जुन्या पिढीचा आणि एक नव्या पिढीचा. पण खरं सांगतो, आयुष्यात शेकडो कीर्तनं ऐकली, त्यातल्या मोजक्याच वेळी अंगावर असा काटा आला असेल.

भुसावळ. मे महिना. भिंतीला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी दुकानाच्या फळीवरच्या पांडुरंगाला फूल वाहत होतो. कॉम्प्युटर जोडून द्यायचा माझा धंदा. जोडायचो मी, पण अक्कल वैजयंतीची. वैजयंती बोरोले, सव्वीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर आला की मी गुमान बाजूला व्हायचो.

तेवढ्यात सोपानदादा फालक दारात. घामानं निथळलेले, धोतराचा सोगा खांद्यावर, आणि डाव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"रामकृष्णहरी, प्रल्हाद."

"रामकृष्णहरी दादा! या उन्हात? फोन करायचा."

"फोनवरून ही देता आली असती का रे, भल्या माणसा?" त्यांनी मूठ उघडली. एक कॅसेट. लेबल पार उडालेलं. "सत्त्याऐंशीचं आहे. साकेगावचं कीर्तन. महाराजांचं."

मी हातातलं फूल तसंच धरून उभा राहिलो.

आता महाराज म्हणजे कोण ते ऐका. दामोदर महाराज. आमच्या वॉर्डातल्या विठ्ठल मंदिराच्या सप्ताहात शेवटच्या संध्याकाळचं कीर्तन एकतीस वर्षं त्यांचं. आवाज असा, की माइक बंद पडला तर कोणाच्या लक्षात येत नसे. सोपानदादा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. निवृत्त झाले तरी महाराजांच्या मागं पखवाज त्यांचाच. पण आदल्या दिवाळीत महाराजांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढावी लागली. तेव्हापासून महाराजांनी देवळाची पायरी चढली नव्हती. पाटीवर खडूनं लिहून दाखवायचे, "मुक्यानं कीर्तनात बसून काय करायचं?" दादांच्याही उजव्या हाताची बोटं त्याच सुमारास थरथरायला लागली आणि पखवाज खोळीत गेला. सप्ताह त्या वर्षीही बसला होता. आणि हा दिवस सातवा.

"काल रात्री बहिणीच्या ट्रंकेत सापडली," दादा म्हणाले. "सकाळी महाराजांकडे गेलो. म्हटलं, आज पाचला तुमच्या जागी दुसरं कोणी उभं राहणार नाही. तुमचाच आवाज लावतो. येता का? त्यांनी पाटीवर लिहिलं, 'शब्द कळले तर येईन.'"

"म्हणजे?"

"लाव, म्हणजे कळेल."

लावली. घर्रर्रर्र! मांडवामागं जनरेटर, आणि टेप ठेवलेला त्याच्याच बाजूला. त्या घरघरीच्या आत, विहिरीतून हाक यावी तसे महाराज. आवाज ओळखू यायचा, शब्द नाही.

वैजयंतीनं डोकं वर केलं. "भाऊ, आपल्याकडे ते घरघर धुवायचं सॉफ्टवेअर आहे ना? जळगावच्या स्टुडिओवाल्यांचं?"

होतं. दुरुस्तीला आलेल्या मशीनबरोबर आलं होतं, आणि वापरायला त्यांची परवानगी होती. पण त्याला एक कुलूप असायचं, अंगठ्याएवढं. कॉम्प्युटरच्या पाठीमागं ते खोचलं तरच सॉफ्टवेअर चालायचं. कुलूप एक, म्हणून एका वेळी मशीन एकच.

"किती वेळ लागेल, पोरी?" दादांनी विचारलं.

वैजयंतीनं कागद ओढला. "ऐंशी मिनिटांचं रेकॉर्डिंग. कॅसेट आधी पूर्ण आत घ्यायची. सगळं एकदा ऐकल्याशिवाय त्याला घरघर ओळखता येत नाही. म्हणजे सव्वाबारा. लाईट जाते तीनला." त्या वर्षी आमच्याकडे लोडशेडिंग घड्याळ लावून यायचं आणि रात्री आठला लाईट परतायची. "सव्वाबारा ते तीन, एकशे पासष्ट मिनिटं. एका मिनिटाचा आवाज दोन मिनिटांत धुतला गेला, तर एकशे साठ. बसतं. अगदी काठावर बसतं."

"आणि आपली मशीन किती घेते?"

"तेच बघू या की!" असं म्हणून तिनं दोन कॅबिनेटांची झाकणं काढलीसुद्धा.

मंडळी, आता कान द्या. टेबलावर दोन मशिनी. एक माझी, मागच्या पिढीच्या प्रोसेसरची. दुसरी नव्या पिढीची, एका गिऱ्हाइकासाठी आदल्याच आठवड्यात मी स्वतः हौसेनं जोडलेली. दादांना कळावं म्हणून मी सांगितलं, "दादा, प्रोसेसर म्हणजे आत बसलेला टाळकरी. एका सेकंदात किती टाळ्या मारतो ती त्याची लय. कारखाना लय ठरवून देतो. ती आपण खटपट करून वाढवायची, त्याला म्हणतात ओव्हरक्लॉक."

"म्हणजे विलंबितातनं द्रुतात."

"बरोब्बर! फक्त लय वाढली की टाळकरी तापतो. म्हणून डोक्यावर हा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यावर पंखा."

इकडे कॅसेट आत जात होती, तिकडे वैजयंतीनं जुन्या भजनाचा एक मिनिटाचा तुकडा घेऊन शर्यत लावली. जुन्या पिढीला कारखान्याच्या लयीत तीन मिनिटं लागली. लय पाव पट वाढवली, तर दोन मिनिटं चोवीस सेकंद. आणि हा मात्र थंडगार, ठोकळ्याला हात लावला तर कोमट. मग नवी पिढी. नुसत्या कारखान्याच्या लयीतच दोन मिनिटं चोवीस!

"बघा! हा न वाढवता तिथं, तो वाढवून तिथं," मी टेबलावर थाप मारली.

"थांबा भाऊ, अजून ह्याला चढवला कुठंय." तिनं सेटिंगमध्ये जाऊन लयीचा आकडा तीनवरून तीन पूर्णांक सहावर नेला. मशीन सुरू झाली. आम्ही तिघंही घड्याळाकडे. एक पन्नास... एक पंचावन्न... दोन मिनिटं!

मी दोन्ही हात जोडून पांडुरंगाकडे वळलो. वैजयंती म्हणाली, "देवाला नंतर. हा तापट आहे हं, भाऊ. जुना शांत, हा तापट."

"तापट असू दे, गुणी आहे ना?"

सव्वाबाराला रेकॉर्डिंग पूर्ण आत गेलं. वैजयंतीनं त्याच्या पाच-पाच मिनिटांच्या सोळा पट्ट्या केल्या, कुलूप नव्या मशीनला खोचलं आणि पहिली पट्टी सोडली. बारा पंचवीसला ती धुऊन बाहेर! आम्ही ऐकली. काय सांगू तुम्हाला! घरघर गेली आणि अठरा वर्षांपूर्वीचे महाराज माझ्या दुकानात उभे राहिले. शब्द न् शब्द. दादांनी डोळे मिटून घेतले आणि नुसतं म्हणाले, "हां. हेच."

दुसरी पट्टी सुरू झाली. मी चहा मागवला, देवळात फोन करून सांगितलं की काम फत्ते आहे. दादा मशीनच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. दर थोड्या वेळानं हार्डडिस्क धुतलेला तुकडा लिहून ठेवायची आणि आत बारीक 'टकटक' व्हायची. दादा डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून ती टकटक मोजत होते.

"प्रल्हाद, तुझ्या टाळकऱ्याची लय पडली."

"अं?"

"मघाशी आठ मात्रांवर टकटक यायची. आता नवावर येते."

वैजयंतीनं पडद्यावर बघितलं. "नाही हो दादा. तीन पूर्णांक सहा. आकडा तसाच आहे."

"आकडा तुझा असेल. लय माझी आहे."

मी हसलो. "दादा, तुमचीच मांडी जरा जलद झाली असेल."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी चहाचा कप खाली ठेवला. "पन्नास वर्षं वाजवलं रे मी. उजवा हात गेला माझा, डावा नाही."

दुसरी पट्टी अकरा मिनिटांत आली. तिसरीला तर चौदा लागली! पडद्यावर आकडा तोच, तीन पूर्णांक सहा. दादा म्हणाले, "अकरावर गेला. मधे मात्रा खातोय हा."

वैजयंती ताडकन उठली. "काय म्हणालात?"

"मात्रा खातोय. नवशिका टाळकरी दमला की हात हलवत राहतो, पण एखादी टाळी मारतच नाही. दिसतो लयीत, असतो मागं."

"भाऊ!" ती ओरडलीच. "तेच! तेच करतोय हा! फार तापला की जळू नये म्हणून हा मधले ठोके सोडून देतो. आकडा तोच दाखवतो, काम कमी करतो. मी वाचलं होतं, पण माझ्या लक्षातच... दोन मिनिटांच्या शर्यतीत तापतोय कशाला!" तिनं तापमान काढलं. अठ्ठ्याहत्तर! "पण इतका? हवेचा कूलर समोर असताना? तुम्ही पेस्ट नीट लावली होती ना?"

प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक करडी पेस्ट लावतात, उष्णता वर जावी म्हणून. मी छाती पुढं काढून म्हणालो, "भरपूर लावलीये! तापट आहे म्हणून दुप्पट लावली. त्यात हात आखडता कशाला घेऊ?"

वैजयंतीनं कपाळाला हात लावला. मशीन बंद केली, ठोकळा काढला. खाली पेस्टचा हा एवढा थर, कडेनं ओघळलेला.

दादा वाकून बघायला लागले आणि खो-खो हसत सुटले. "अरे प्रल्हादा! पखवाजाच्या डाव्या तोंडाला काय लावतात?"

"कणीक."

"थापून. आणि उजव्या तोंडाला?"

"शाई."

"ती कशी?"

"पातळ. घोटून घोटून."

"ती जाड झाली की नाद मरतो. तू शाईच्या जागी कणीक थापलीस, बाबा!"

कीर्तनात जन्म गेला माझा, आणि चूक केली तीही पखवाजातलीच! वैजयंतीनं स्पिरिटनं सगळं पुसून काढलं. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेतली. दादा शेजारून सांगत होते, "दाबू नको... आता पसरव... अजून पातळ... खालचा धातू दिसल्यासारखा वाटला पाहिजे. हां!" ठोकळा बसला, स्क्रू आवळले, मशीन सुरू. सहासष्टावर तापमान थांबलं. दादांनी मांडीवर ठेका धरला, टकटक ऐकली आणि बोटं वर केली. आठ.

मी उडी मारणार होतो. पण वैजयंतीचं तोंड उतरलेलं.

"काय झालं गं?"

"बारा अठ्ठावन्न झाले, भाऊ. तेरा पट्ट्या उरल्यात. एकशे तीस मिनिटं पाहिजेत. आपल्याकडे एकशे बावीस आहेत. एक पट्टी बसत नाही."

"लय अजून चढव."

"चढवला तर तापेल, तापला की परत मात्रा खाईल. ह्याच्यापुढं द्रुत नाही."

"जुन्या मशीनवर?"

"तो मात्रा खाणार नाही, पण पट्टीला बाराच मिनिटं घेईल. तीन पट्ट्या राहतील."

मी कागदावरच्या पट्ट्या पुन्हा मोजल्या.

"शेवटची आरती सोडू?" मी म्हणालो.

"आरती महाराज स्वतः म्हणतात," दादा म्हणाले. "नववी सोडा."

"नववीत काय आहे?"

"सोडा म्हणतो ना."

वैजयंतीनं नववी पट्टी लावली. घरघरीच्या तळाशी महाराजांचं अर्धंमुर्धं वाक्य आलं आणि थांबलं. मग पखवाज. एकटा पखवाज. पुढं नेलं, पखवाज. आणखी पुढं, पखवाजच. मला आठवलं. साकेगावला महाराज पाणी प्यायला थांबले होते आणि हात करून म्हणाले होते, आता मृदंगाला बोलू द्या. पाच मिनिटं अख्खा मांडव श्वास धरून बसला होता. त्या पाच मिनिटांबद्दल लोक पुढं कित्येक वर्षं बोलत.

"दादा, हा तुमचा—"

"म्हणून तर सांगतोय. ह्या पट्टीत महाराजांचा एक शब्द नाही."

"पण तुमचं वाजवलेलं दुसरं कुठं आहे? ही एकच तर कॅसेट!"

"प्रल्हाद," त्यांनी थरथरता उजवा हात डाव्या हातानं धरला. "ते पाटीवर काय लिहितात माहीत आहे ना? 'शब्द कळले तर येईन.' पखवाज कळला तर येईन असं नाही लिहिलं. चल पोरी, दहावी लाव... छे, आधी चौथी. बोलण्यात मिनिट गेलं बघ."

वैजयंतीनं चौथी सोडली. मग पाचवी. नववी तशीच घरघरीत ठेवून दहावी.

पुढचे दोन तास कसे गेले सांगता येत नाही. प्रत्येक पट्टी दहा मिनिटांत. जेवण नाही, बोलणं नाही. दादांची मांडी चालूच. बारीकसं कुठं नवाकडे झुकलं की ते डोळ्यांनी खुणावत आणि वैजयंती कूलर दोन बोटं पुढं सरकवी. दोन एकोणपन्नासला शेवटची पट्टी सुरू झाली. दोन बावन्नला...

खट्! लाईट गेली. आठ मिनिटं आधी!

यूपीएस किंचाळायला लागला. मशीन चालू होती, पण कूलर बंद. बंद दुकानात उन्हाची भट्टी पेटल्यासारखं झालं.

"यूपीएस पंधरा मिनिटं," वैजयंती ओरडली. "त्यात ही पट्टी आणि सीडी लिहायची! पडदा बंद करा, भाऊ, तो फार खातो!"

पडदा बंद केला. आता तापमान दिसेना, पट्टी किती झाली दिसेना. मी मॉनिटरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि उघड्या कॅबिनेटवर वारा घालायला लागलो. देवावर चवरी ढाळावी तसा! वैजयंती दुसऱ्या बाजूनं.

"दादा, लय?"

"आठ."

घाम डोळ्यांत जात होता. हात भरून आले.

"दादा?"

"आठ... आठ... साडेआठ."

"जोरात, भाऊ!"

मी मोठ्यानं विठ्ठल विठ्ठल म्हणत पुठ्ठा हलवत होतो. यूपीएसची टीटी त्याच्यावर. वैजयंती मधेच मला हसायलाही लागली.

"आठ!" दादा खुर्चीतून अर्धे उठले. "धरली लय. धरली! आता सोडू नका..." आणि एकदम त्यांनी डावा तळवा टेबलावर आपटला. "सम!"

आत सगळं शांत झालं होतं. वैजयंतीनं पडदा लावला. शेवटची पट्टी पूर्ण. तिनं सीडी सरकवली. साडेपाच मिनिटांनी ती बाहेर आली आणि पुढच्याच मिनिटाला यूपीएसनं मान टाकली. आम्ही तिघं अंधाऱ्या दुकानात एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होतो.

पाचला मंदिर भरलं होतं. जनरेटर होता, पण आता रस्त्यापलीकडे. महाराज आले. कीर्तनकारानं उभं राहायच्या जागेच्या बाजूला, भिंतीला टेकून बसले. सीडी लागली आणि पहिलं वाक्य स्पीकरमधून आलं, तशी मागची बायामाणसं उठून उभी राहिली. महाराजांचे ओठ हलत होते. स्वतःच्याच आवाजामागं ते शब्द म्हणत होते. एकही शब्द चुकला नाही, न स्पीकरचा, न ओठांचा.

चाळीस मिनिटांनी नववी पट्टी आली. घर्रर्रर्र! लोक कुजबुजायला लागले, कोणी तरी म्हणालं, "बिघडलं वाटतं," आणि मंडपवाल्यानं आवाज बारीक करायला हात पुढं केला. महाराजांनी जमिनीवर हात आपटला. दोनदा. मंडपवाला मागं झाला. महाराज मान वळवून गर्दीत कोणाला तरी शोधत होते. सोपानदादा तिथं नव्हते. ते बाहेर चपलांच्या रांगेपाशी रांजणातलं पाणी लोकांना देत उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"दादा, उद्या नववी धुतो. पहिलं काम तेच."

"उद्या धू की. घाई काय आहे?" त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. "महाराज आले ना?"

दुसऱ्याच दिवशी मशीन गिऱ्हाइकाला गेली. तिसऱ्या दिवशी कुलूप जळगावला गेलं. मग मी दुकानाच्या कामात गुंतलो आणि दादांना दिलेला शब्द तसाच राहिला. तोवर सीडीच्या प्रती निघून वरणगाव, यावल, सावदा, थेट बुऱ्हाणपूरपर्यंत पोचल्या, त्या घरघरीसकट. दसऱ्यानंतर मी कुलूप पुन्हा मागून आणलं आणि नववी पट्टी धुतली, जुन्याच मशीनवर, सावकाश, बारा मिनिटं घेऊन. काय पखवाज होता! पण दादा दसऱ्याआधीच, सर्वपित्री अमावास्येला वारले होते.

म्हणून एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. दामोदर महाराजांची ती सीडी आजही कुठल्या देवळात, कुठल्या टपरीवर, कुणाच्या मोबाइलमध्ये लागते. चाळीस मिनिटांनी घरघर सुरू होईल. पुढं ढकलू नका, आवाज बारीक करू नका. कान त्या घरघरीच्या खाली न्या. तिथं जो वाजवतोय त्याचं नाव सोपान फालक, रेल्वे शेडचा फिटर. त्याची आठवण ठेवा.